आत राहिलेला गोवर

आमची आजी म्हणायची, "गोवर अंगावर फुलून आला पाहिजे. आत राहिला की लेकरू हाताचं गेलं." देगलूरचं आमचं घर. 1960 च्या उन्हाळ्यात मला गोवर निघाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. अंथरुणाखाली लिंबाचा पाला, दारावर लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद. सुईचं तर नावच काढायचं नाही, माय कोपेल म्हणून. पुरळ वाळल्यावर लिंबाच्या पाण्यानं आंघोळ आणि पोचम्माला दहीभाताचा निवद. आमच्या सीमाभागात तेलंगणाची पोचम्मा आणि मराठवाड्याची मरीआई शेजारणी-शेजारणीसारख्या नांदतात. आजार कुठलाही असो, आधी दोघींपैकी एकीचं दार.

पुढे नांदेडला मी ईईजी टेक्निशियन झालो. डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्यात सत्तावीस वर्षं लोकांच्या मेंदूचा आलेख काढला. आजीचं ते वाक्य मी अडाणीपणात जमा केलं होतं. ते परत काढून बघायची वेळ तिथल्या ईईजीच्या खोलीत आली.

सुरुवातीला आमचं मशीन आठ चॅनलचं होतं. आठ पेना, शाईची नळी, घडीचा कागद. पेन तुंबली की सिरिंजनं शाई ओढून मोकळी करायची. आदल्या दिवशीच बजावून ठेवायचं, "डोकं धुऊन आणा, तेल लावू नका." तरी निम्मी लेकरं चपचपीत तेल लावूनच यायची, परगावी निघालेल्या लेकराचं डोकं कुठली आई कोरडं ठेवेल? मग स्पिरिटनं पुसायचं, टेपनं माप घ्यायचं, खुणा करायच्या, पेस्ट लावून एकेक इलेक्ट्रोड बसवायचा. कागद सेकंदाला तीस मिलिमीटर सरकायचा. म्हणजे एका पानावर दहा सेकंद, अर्ध्या तासाला 180 पानं.

बहुतेक लेकरं फेफऱ्याची. त्यांतच एखादं वेगळं यायचं. सात-आठ वर्षांचा मुलगा, धट्टाकट्टा. आई म्हणायची, "साहेब, पोरगं चालता चालता धपकन पडायलंय. हातातला गिलास सुटायलाय. मास्तर म्हणतो अभ्यासात लक्षच नाही." लोहा तालुक्यातल्या एका बापानं सोबत वही आणली होती. जूनमधलं अक्षर दोन ओळींच्या मधोमध, नीट. दिवाळीपर्यंत काने तिरपे झालेले. संक्रांतीच्या पानावर नुसत्या रेघा आणि त्यांखाली मास्तरांच्या लाल शाईत 'आळस'.

त्या दिवशी मशीन सुरू केलं आणि आठही पेना एकदम उसळल्या. लाट इतकी मोठी की पेना एकमेकींवर आदळू नयेत म्हणून मला गेन कमी करावा लागला. मग शांत. पाच सेकंदांनी पुन्हा तशीच उसळी. प्रत्येक पानावर दोन, घड्याळ लावल्यासारख्या. आणि प्रत्येक उसळीबरोबर पोरगं दचकायचं. आई उशाशी बसली होती. दहाएक पानं झाल्यावर तिला ठेका कळला. पेन उठायच्या आधीच ती लेकराच्या छातीवर तळवा ठेवू लागली. नंतर हेच चित्र मी इतरही काही लेकरांच्या कागदावर पाहिलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चार अक्षरं यायची : एसएसपीई. सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस.

या आजाराचा शोध तुकड्यातुकड्यानं लागला. 1933 मध्ये अमेरिकेत जेम्स डॉसन यांना अशा रुग्णाच्या मेंदूतल्या पेशींत परके ठिपके दिसले. हे विषाणूचं काम असावं असा त्यांचा कयास होता. कुठला विषाणू, ते समजायला आणखी तीन दशकं गेली. 1967 च्या सुमारास या मुलांच्या रक्तात आणि पाठीच्या पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिद्रव्यं भरमसाट सापडली. 1969 मध्ये मेंदूच्या नमुन्यातून प्रत्यक्ष गोवराचाच विषाणू वेगळा काढला गेला. लेकराला गोवर दोन वर्षांच्या आत होऊन गेलेला असतो, बहुधा घरचे विसरलेलेही असतात. विषाणू मात्र मेंदूत ठाण मांडून असतो आणि सहा-आठ वर्षांनी डोकं वर काढतो.

डॉक्टर समजावताना एकदा म्हणाले, "पेशीतून बाहेर पडायला विषाणूला जे प्रथिन लागतं, तेच यात बिघडलेलं असतं. मग तो बाहेर पडत नाही, आतल्या आत एका पेशीतून दुसरीत सरकत राहतो." मी पेस्टचं झाकण लावत होतो, हात थांबला. गोवर बाहेर पडला नाही, आत राहिला. देगलूरची आजी वेगळं काय म्हणत होती? चूक तिच्या निदानात नव्हती, उपायात होती. सुईनं गोवर आत दबतो असं ती समजायची. खरं तर तो मुळात आत शिरू नये याचा इलाज सुईतच होता.

ती सुई आमच्याकडे उशिरा आली. लस अमेरिकेत 1963 पासून होती. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवर 1985 मध्ये आला, नऊ महिन्यांच्या बाळासाठी, तोही जिल्ह्याजिल्ह्यानं टप्प्याटप्प्यानं. दुसरा डोस 2010 नंतर. माझ्या खोलीत येणारी लेकरं लस निघणं आणि ती इथं घरोघर पोचणं, यांमधल्या फटीत जन्मलेली होती.

उपचाराचा इतिहास त्या मानानं तोकडा. आयसोप्रिनोसिनच्या गोळ्या, त्यांच्या जोडीला थेट मेंदूच्या पोकळीत सोडलेलं इंटरफेरॉन. दोन्ही मिळून दिल्यानं जास्त गुण येतो का, याची अनेक देशांत मिळून चाचणी झाली. 2003 मध्ये निकाल आला : दोन्ही गटांत साधारण तिसरा हिस्सा मुलं स्थिरावली किंवा सुधारली, जोडीचा वेगळा फायदा दिसला नाही. स्थिरावली म्हणजे होती तिथं थांबली. आमच्याकडची माणसं त्यासाठीही हैदराबादची गाडी धरत. नांदेड 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. लेकराला मोठं दुखणं झालं की पाय आपसूक निलोफर दवाखान्याकडे वळायचे. 

खरी लढाई घरी, गुंतागुंतीशी चालायची. दचकणं कमी व्हावं म्हणून व्हॅल्प्रोएट, क्लोनाझेपाम, कुणाला कार्बामाझेपिन. हातपाय आखडू लागले की बॅक्लोफेन. घास गिळता येईना की नाकातून नळी. वहीवाल्या मुलाचा बाप फेरतपासणीला आला तेव्हा मला सांगत होता, "ज्वारीची पेज दोनदा फडक्यातून गाळायची. कण राहिला की नळी तुंबती. पाजताना उशी उंच, नाहीतर छातीत उतरतं." दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्यासाठी त्यानं गजराचं घड्याळ घेतलं होतं. अडीच वर्षांत त्या लेकराच्या पाठीला एकही जखम झाली नाही. मुलगा गेला तो न्यूमोनियानं.

27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांसाठी. मी तेव्हा लेकीकडे लातूरला होतो. नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली होती आणि जावयाच्या मोबाइलवर नको नको ते मेसेज फिरत होते. त्यांनी विचारलं, "मामा, या सुईनंच मेंदूवर जातं म्हणतात, खरं आहे का?"

मी चिठ्ठी उलटी केली, पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उसळी काढली. पंधरा सेंटिमीटर सपाट रेघ, पुन्हा उसळी. हात अजून विसरला नव्हता. सांगितलं, या लेकरांच्या मेंदूत सापडला तो रानटी गोवर. लसीतला विषाणू तिथं कुणाला सापडलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या 2017 च्या अभ्यासात, वर्षाच्या आत गोवर झालेल्या साधारण सहाशे बाळांमागे एकाला हा आजार झालेला आढळला. आकड्यावर जावई काही बोलले नाहीत. ते त्या रेघेकडे बघत होते. "या दोन्हींच्या मधे काय असतं?" त्यांनी विचारलं.

"पाच सेकंद," मी म्हणालो. "तेवढ्यात आई छातीवर हात ठेवते."

दुसऱ्या दिवशी नातीनं सुई घेतली. दंड थोडा सुजला, रात्री अंग कोमट झालं. सकाळी उठून बघतो तर विहीणबाईंनी दाराला लिंबाचा डहाळा खोवलेला. मी तो काढला नाही.