रिकाम्या पुंगळीचे मोल

काडतुसाच्या इतिहासात गोळी आणि दारू यांचे वर्णन विस्ताराने येते. बार उडाल्यावर मागे उरणाऱ्या पितळी कवचाची, म्हणजे पुंगळीची, दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक साऱ्या काडतुसात पुन्हा वापरण्याजोगा भाग तेवढाच असतो. १८५७ मध्ये ज्या एनफिल्ड काडतुसांवरून हिंदुस्थानी शिपाई बिथरले त्यांचे आवरण कागदाचे असल्यामुळे जपून ठेवण्यासारखे काही उरतच नसे, आणि १८६६ मध्ये वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर रायफलसाठी सिद्ध केलेल्या काडतुसाची भिंतही पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचीच होती. पुढे सलग ओढून घडवलेली पुंगळी आली, तेव्हा ती एखाद्या भांड्यासारखी पुन्हा भरता येऊ लागली.

या पुनर्भरणाला खरा हातभार लावला तो बॉक्सर यांच्या टोपीने. टोपी, म्हणजे आघाताने पेट घेणारा प्रायमर, बुडाशी बसवलेली असते. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या रचनेत तिची ऐरण, म्हणजे जिच्यावर चेपून टोपीतला मसाला पेटतो तो टोकदार भाग, पुंगळीचाच असून ठिणगीसाठी सहसा दोन बारीक भोके असतात, तर बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण टोपीतच असल्याने मधोमध एकच भोक पुरते, ज्यातून सळई घालून वापरलेली टोपी सहज बाहेर ढकलता येते. इंग्रजाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात, हा या इतिहासातला गमतीचा भाग. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये सुरू केलेल्या ‘आयडियल’ कंपनीची सांडशीसारखी हत्यारे घेऊन अमेरिकी शिकारी घरच्या घरी काडतुसे भरू लागले.

पितळ मात्र आपल्यावर झालेले संस्कार विसरत नाही. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचा हा मिश्रधातू थंड अवस्थेत ओढला किंवा दाबला की कडक होतो आणि त्याच्या अंगात ताण साठून राहतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत, आणि ऋतूशी नाते दिसल्यामुळे या दोषाला ‘मोसमी तडा’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव पडले. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळातला ताण या तिघांच्या संगनमताने तडे जातात, हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. त्यावरचा उपाय तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या जातीचा होता: ठोकून कडक झालेल्या भांड्याला तांबट जशी आच देतो, तशी पुंगळीला बेताची आच देऊन ताण उतरवणे.

पुनर्भरण करणाऱ्याची गाठ याच स्वभावाशी पडते. बार होताना पुंगळी फुगते, डायमध्ये, म्हणजे मापाच्या पोलादी साच्यात, दाबून ती मूळ मापात आणली की पितळ पुढे सरकते आणि गोळी धरणारी मान लांबते. अमेरिकी सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेल्या .३०-०६ काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी सुमारे ६३.३५ मिलिमीटर असते. ती ओलांडली तर तोंड रायफलच्या कोठ्यात पुढे अडकून गोळीला घट्ट आवळते आणि दाब धोकादायक वाढतो, म्हणून कापताना ती पाव मिलिमीटर आखूडच ठेवतात. कापल्यावर कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची खरखरीत किनार, आतून आणि बाहेरून काढावी लागते, कारण ती राहिली तर गोळी बसवताना तिच्या तांब्याच्या वेष्टणावर उभे ओरखडे उमटतात.