वजन भागिले उंचीचा वर्ग

दवाखान्यात वजनकाट्यावर उभं केलं की डॉक्टर उंची विचारतात, आकडेमोड करतात आणि बीएमआय सांगतात. वजन किलोत, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. १.७० मीटर उंचीच्या, ७० किलोच्या माणसाचा बीएमआय २४.२ येतो. हे सूत्र ज्याच्या डोक्यातून निघालं, तो मात्र डॉक्टर नव्हता.

अॅडॉल्फ केटले हा १७९६ साली बेल्जियममधल्या गेंट शहरात जन्मलेला खगोलशास्त्रज्ञ. ब्रुसेल्सची वेधशाळा त्याने उभारली. ताऱ्यांच्या नोंदींतल्या चुका सरासरीभोवती कशा जमतात, हे त्याला ठाऊक होतं. तेच गणित त्याने माणसांना लावलं. १८३५ च्या ग्रंथात त्याने ‘सरासरी माणूस’ उभा केला. सगळी माणसं एकाच साच्यातून लहानमोठी काढली असती, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढलं असतं. प्रौढांत ते साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं त्याला आढळलं. लठ्ठपणाशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याला समाज मोजायचा होता.

वजनाची धास्ती घेतली ती विमा कंपन्यांनी. जाड ग्राहक लवकर दगावतात, म्हणजे कंपनीला भुर्दंड! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३ मध्ये ‘आदर्श’ वजनांचे तक्ते काढले. त्यांत हाडापेराचे तीन प्रकार होते: बारीक, मध्यम, मोठं. आपलं हाडपेर कोणतं, हे ठरवायचं कसं, याचा नीट खुलासा नव्हता, तरी डॉक्टरांनी ते तक्ते प्रमाण मानले.

या तक्त्यांवर अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांचा राग होता. १९७२ मध्ये त्यांनी पाच देशांतल्या ७,४२४ पुरुषांची मापं तपासली आणि केटलेच्या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं. स्त्री एकही नव्हती. हे माप पूर्ण समाधानकारक नाही, पण उंची-वजनावरून काढलेल्या इतर कोणत्याही मापाइतकं तरी चांगलं आहे, असा त्यांचा बेताचाच दावा होता. पुढच्यांनी तेवढाही संकोच ठेवला नाही. अमेरिकेत जादा वजनाची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती, १९९८ मध्ये ती सरसकट २५ वर आली आणि कोट्यवधी माणसं एका ग्रॅमचीही भर न पडता ‘जाड’ झाली.

म्हणून आकडा निरर्थक ठरत नाही. लाखो लोकांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की बीएमआयबरोबर टाइप २ मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पित्ताशयातले खडे, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडकणं हे सारं वाढताना दिसतं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अतिरिक्त चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. दुसऱ्या टोकाला, १८.५ च्या खाली क्षयरोगाचा धोका वाढतो. आपल्याकडे ते टोक विसरून चालत नाही. गडबड होते ती समूहाचा आकडा एकट्यादुकट्यावर लादताना. तालमीतल्या पिळदार पैलवानाला हे सूत्र बेधडक लठ्ठ ठरवतं.

उलटी फसगत पुण्यात उघडी पडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! याची मुळं जन्माआधीची असावीत. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी बरीचशी शाबूत होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार अशी ही ठेवण. म्हणून आपल्याकडे बारीक माणसालाही मधुमेह गाठतो.

२००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी रेषा खाली आणल्या: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. सुरुवातीचा २४.२ वाला माणूस युरोपात ठाकठीक, इथे जादा वजनाचा. सोबत कमरेचा घेरही आला. पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. तेव्हा बीएमआय ठीक निघाला तरी एकदा कमरेला टेप लावून बघा, आणि घेर जास्त भरला तर रक्तातली साखर तपासून घ्या.