परदेशी, जुलाहा, मोमीन, अन्सारी

पुण्यात राहणाऱ्या मुसलमानाला ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न नवा नाही. मी मालेगाव सांगतो. समोरचा मान हलवतो आणि विचारतो, ‘ते झालं, पण त्याच्या आधी?’ विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी वाईट असतं असं नाही. पण हा दुसरा प्रश्न शेजारच्या सोलापूरकराला कुणी विचारत नाही, हेही मला दिसतं.

त्या ‘आधी’चा शोध मात्र मी या प्रश्नामुळे घेतला नाही. निमित्त जात पडताळणीचं होतं. पुतण्याला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ओबीसीचा दाखला हवा होता आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा, जात लिहिलेला कागद लागतो. ज्यांनी हे केलं आहे त्यांना ठाऊक असेल की मुसलमान घरांची अडचण नेमकी इथे होते. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये धर्माच्या रकान्यात ‘मुसलमान’ आणि जातीच्या रकान्यातही ‘मुसलमान’. मास्तरांनी एकच शब्द दोनदा लिहिला आणि त्याची किंमत चौथ्या पिढीला मोजावी लागते. म्हणून मग आणखी मागे जावं लागलं आणि त्या वाटेवर मला आमचे खापरपणजोबा भेटले, आमच्या घराण्यात मालेगावात आलेला पहिला माणूस.

घरात त्यांच्याबद्दल दोन गोष्टी चालत. दादी सांगायची की बडे दादा गदरनंतर मऊहून ‘पैदल’ आले, पाठीवर फणी आणि धोटा घेऊन. मोठे काका सांगायचे की आपण अन्सारी, म्हणजे मदिनेत पैगंबरसाहेबांना आसरा देणाऱ्या हजरत अबू अय्यूब अन्सारींचे वंशज. काकांकडे तसा एक शजराही होता, हिरव्या शाईत लिहिलेला. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदत होत्या. कागद काय म्हणतात हे कुणी पाहिलं नव्हतं.

आधी एक सांगून टाकतो. अमेरिकेत पूर्वेकडून पश्चिमेला गेलेल्या पूर्वजाचा माग काढणाऱ्याचं काम बरंच सोपं असतं. तिथल्या जनगणनेत १८५०पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे आणि बहात्तर वर्षांनी ते कागद लोकांना खुले होतात. आपल्याकडे १८७२ पासून जनगणना झाली, पण घरोघरचे मूळ तक्ते जपले गेले नाहीत. छापील खंडांत उरले ते आकडे. अमुक जिल्ह्यात इतके जुलाहे, इतके पिंजारी, इतके वायव्य प्रांतात जन्मलेले. खापरपणजोबा त्या आकड्यांत एक म्हणून आहेत, पण नावाने नाहीत.

पुण्यात राहण्याचा फायदा असा की हे खंड पाहायला लांब जावं लागत नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात जुने जनगणना अहवाल आणि मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स आहेत. नाशिकचं गॅझेटियर १८८३चं, पुण्याचं १८८५चं. पुण्याच्या खंडात मुसलमानांतल्या अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा एकेका जमातीची वर्णनं आहेत आणि एक वाक्य थोड्याफार फरकाने सारखं येत राहतं: हे लोक आपसात हिंदुस्थानी बोलतात आणि इतरांशी मराठी. इंग्रज अंमलदाराने जमातीगणिक वेगळं लिहायचा कंटाळा केला असेल, पण वाक्य खरं आहे. आमच्या घराचं आजही तसंच चालतं.

खरा कागद मिळाला तो मालेगावातच, घराच्या जुन्या फायलीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतलं घरजागेचं खरेदीखत, मोडीतलं. मोडी वाचणारे आता पुन्हा भाव खाऊन आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचं काम न्या. संदीप शिंदे समितीकडे आलं आणि गावोगावची दप्तरं उघडली गेली, तेव्हापासून मोडीवाल्यांना फुरसत नाही. आमच्या खतासाठी मला दोन महिने थांबावं लागलं. तीन ओळींत काम झालं. पणजोबांचं नाव, पुढे ‘वलद’ म्हणून खापरपणजोबांचं नाव, ‘जात मुसलमान मोमीन’, ‘धंदा विणकाम’. आणि या सगळ्याच्या आधी एक शब्द, ‘परदेशी’.

वाचणाऱ्या गृहस्थांनी तो शब्द जरा दबकत उच्चारला. मला हसू आलं. जुन्या मराठीत परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानातला माणूस, एवढंच. परदेशी आडनावाची कितीतरी राजपूत घरं आज महाराष्ट्रात आहेत आणि त्यांना कुणी परदेशातून आलेले समजत नाही. खत लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखी नर्मदेपलीकडचा पंडित, शिपाई आणि विणकर सगळे परदेशीच. या एका शब्दाने दादीची गोष्ट मात्र खरी ठरवली.

खताच्या शेवटी सही नाही. पणजोबांना लिहिता येत नव्हतं. तिथे एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळती आकृती काढलेली आहे आणि शेजारी लिहिलं आहे, ‘निशाणी धोटा’. मराठी कागदांत कुणब्याची निशाणी नांगर असते. विणकराची धोटा असणार हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं असं मोडीवाले म्हणाले, आणि ते चहाला उठले.

आता प्रश्न उरला की ते निघाले का आणि मालेगावलाच का आले. मालेगावच्या इतिहासात सगळीकडे एक वाक्य सापडतं की १८६२ साली बनारसकडे दुष्काळ पडला आणि मोमीन विणकर इकडे आले. आधी मीही तेच धरून चाललो होतो. पण सरकारी कागदांत त्या सुमाराचा मोठा दुष्काळ आहे तो १८६०-६१चा आणि त्याचा जोर दिल्ली-आग्र्याकडच्या दुआबात होता. मऊ तिथून बरंच पूर्वेला, तेव्हाच्या आझमगड जिल्ह्यात. (ज्यांना मऊचे कागद शोधायचे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. मऊ हा वेगळा जिल्हा १९८८मध्ये झाला. त्याआधीचं सगळं आझमगडच्या नावाने आहे.) मग मऊ-मुबारकपूरच्या विणकराची उपासमार कशातून आली?

१८५७चं एक कारण आहेच. बनारस-अलाहाबाद पट्ट्यात जनरल नीलच्या फौजेने जे केलं त्यानंतर रस्त्यालगतची गावं सुरक्षित राहिली नव्हती. पण माझ्या मते पोटावर घाव घातला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाने. १८६१ला ते सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि जगभर कापसाचा भाव कडाडला. कापूस महागला तसं सूतही महागलं, विलायती असो की देशी. हातमाग विणकर सूत उधारीवर घेतो आणि कापड विकून फेडतो. सुताची किंमत चढली आणि गिऱ्हाईक तेवढ्या चढ्या भावाने कापड घेईना, की माग बंद.

तोच भाव खानदेश-वऱ्हाडात मात्र पैसा ओतत होता. मँचेस्टरला कापूस हवा होता आणि तो इथल्या काळ्या जमिनीत पिकत होता. त्या तीन-चार वर्षांत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा सांगितल्या जातात. चांदीचं सोडून द्या, पण हातात पैसा आलेला कुणबी घरच्या बाईला लुगडं घेणार, आणि लुगडं मागावरच विणलं जायचं. म्हणजे एकाच लढाईने पूर्वेकडचा माग बंद पाडला आणि पश्चिमेकडे गिऱ्हाईक तयार केलं. हा माझा तर्क आहे, खतात असं काही लिहिलेलं नाही. पण दादीची ‘गदरनंतर’ आणि पुस्तकांतलं ‘१८६२’ या दोन्हींना तो पुरून उरतो.

वाटही कापसानेच आखलेली होती. नागपूर-वऱ्हाडचा कापूस जबलपूरवरून बैलांच्या पाठीवर मिर्झापूरच्या बाजारात जायचा, हा रेल्वेच्या आधीचा जुना मार्ग. विणकर त्याच वाटेने उलटे आले. या वाटेवर त्यांच्या वस्त्या आजही ओळीने दिसतात. नागपुरात मोमीनपुरा, शेजारी १८२१ साली छावणी बसलेली कामठी, मग बऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी आणि शेवटी मुंबईत मदनपुरा. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर धुळे, मालेगाव आणि भिवंडी या तिन्ही गावांतून एकच रस्ता जातो, मुंबई-आग्रा. मुंबईचं सूत याच रस्त्याने वर यायचं आणि कापड याच रस्त्याने खाली-वर जायचं. थळ घाटातून रेल्वे १८६५ला सुरू झाली, आणि मुंबई-कलकत्ता मार्ग जबलपूरला जोडला गेला १८७० साली. खापरपणजोबा त्याआधी आले असतील तर दादीचं ‘पैदल’ शब्दशः खरं आहे. साधारण बाराशे-तेराशे किलोमीटर. खड्ड्याचा माग घेऊन फिरावा लागत नाही. लाकडं नव्या गावात मिळतात, खड्डा नव्या घरात खणायचा. हाताला बसलेली फणी आणि धोटा तेवढा सोबत.

मालेगावात ते पहिले मुसलमान नव्हते आणि पहिले विणकरही नव्हते. नारोशंकर राजेबहादूरांनी अठराव्या शतकात मोसमकाठी किल्ला बांधला तेव्हा कारागीर आणि शिपाई आले, १८१८ला किल्ला इंग्रजांकडे गेल्यावर आणखी लोक आले. साळी आणि कोष्टी या मुलखात आधीपासून विणत होतेच. मऊकडून आलेल्याला इथल्या बाईचं लुगडं विणायचं होतं. त्याची लांबी, त्याचा काठ, कुठल्या तालुक्यात कुठला रंग चालतो, हे सगळं नव्याने शिकावं लागलं असणार. मालेगाव पुढे रंगीत लुगड्यांसाठी नावारूपाला आलं. १९०१ला गावाची वस्ती १९,०५४ होती. खानदेश-नाशिकच्या शेतांत राबणाऱ्या किती बायांच्या अंगावर मोमीन घरांतलं कापड होतं याचा हिशेब कुठल्याच खंडात नाही.

नावांचं मात्र पाहा. उत्तरेकडच्या सरकारी यादीत हा माणूस जुलाहा. विल्यम क्रूकच्या १८९६च्या जातीकोशातही जुलाहाच, आणि त्या शब्दाभोवती मूर्खपणाच्या, भांडखोरपणाच्या म्हणींची माळ. मराठी कारकुनाकडे तो परदेशी. मालेगावच्या मोहल्ल्यात मोमीन. विसाव्या शतकात मोमीन कॉन्फरन्सची चळवळ वाढली, जुलाहा ही शिवी झटकायची होती, आणि अन्सारी हे नाव घरोघर गेलं. आमच्या काकांचा शजरा त्या काळातला आहे, शाई आणि कागद दोन्ही तेच सांगतात. त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं त्याने इज्जतीचं नाव घेतलं. पण शजऱ्यात मदिनेपासून मालेगावपर्यंत बावीस नावं आहेत आणि एकापुढेही धंदा लिहिलेला नाही. तीन ओळींच्या खतात तो आहे. मला खत जास्त जवळचं वाटतं.

विणकराने स्वतः लिहून ठेवलेलं काही मिळणं तर फारच दुर्मीळ. मुबारकपूरच्या अब्दुल मजीद नावाच्या विणकराची रोजनिशी इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी वापरली आहे. त्याच गावातल्या शेख मुहम्मद अली हसन यांनी एकोणिसाव्या शतकात लिहिलेला ‘वाकिआत-ओ-हादिसात’ हा गावाचा इतिहासही त्यांनीच पुढे आणला. इकडे मालेगावात, निदान आमच्या घरात, तसं कुणी लिहिलं नाही. सरकारने नावं नीट लिहिली ती वेगळ्याच वेळी. एप्रिल १९२१ला खिलाफत-असहकाराच्या दिवसांत मालेगावात दंगल उसळली, खटला चालला आणि गावातल्या सात जणांना इथे पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांची नावं बापाच्या नावासकट दप्तरात आहेत. मालेगावात त्यांची यादगार उभी आहे. पुण्यात येरवड्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

२०१९-२०च्या हिवाळ्यात मालेगाव महापालिकेत जन्मदाखल्यांसाठी रांगा लागल्या. नागरिकत्वाच्या कायद्याची चर्चा होती आणि लोक घाबरले होते. माझ्या नात्यातले म्हातारे पहाटे जाऊन उभे राहिले. त्यांच्यातल्या बहुतेकांना आपण मऊवाले की बनारसवाले हे तोंडपाठ होतं, आणि दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आता कुणासमोर बोलायची नाही असं ते एकमेकांना बजावत होते. मऊ कुठे आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक नसलं तर, अशी त्यांची भीती. मला हे सगळ्यात जास्त लागलं. जो माणूस चालत आला त्याचा अभिमान वाटायचा तिथे त्याला लपवायची वेळ यावी.

पुतण्याचं काम खतावर झालं. ‘मोमीन’ हा एक शब्द आणि ‘धंदा विणकाम’ पुरेसा ठरला. मोमीन आणि जुलाहा ओबीसींच्या यादीत आहेत. मुस्लिम ओबीसींचा हा हक्क शब्बीर अन्सारींसारख्यांनी गावोगाव फिरून मिळवला, हेही त्याला मी सांगितलं. तो ऐकत होता की मोबाईल पाहत होता, सांगता येत नाही. खताची रंगीत झेरॉक्स मात्र त्याने स्वतःहून मागून घेतली आणि ‘परदेशी’ हा शब्द कुठे लिहिला आहे तो दाखव म्हणाला.

आझमगडचे कागद पाहायचे अजून बाकी आहेत. आमच्याकडे मऊहून सुना यायच्या त्या आजोबांच्या पिढीपर्यंत, म्हणजे तिकडचं एखादं घर आम्हाला अजून नावाने ओळखत असेल. तिथे विचारायचं तर अन्सारी म्हणून चालणार नाही, सगळा मऊच अन्सारी आहे. खापरपणजोबांचं नाव घेऊन, दखनला गेलेला कोण होता, असं विचारावं लागेल.