मांजरीची अंघोळ आणि पाकीचा प्रश्न

शिवाजी पार्कच्या मैदानामागे एका जुन्या इमारतीत मी दर शनिवारी दुपारी एका काकूंना उर्दू शिकवायला जाते. काकू निवृत्त आहेत. आयुष्यभर गझला ऐकल्या, आता त्या लिपीत वाचता आल्या पाहिजेत, ही त्यांची हौस. घरात त्या आणि त्यांची लांब पांढऱ्या केसांची पर्शियन मांजर.

मागच्या महिन्यात मी पोचले तेव्हा मांजरीची अंघोळ चालली होती. घरोघरी जाऊन मांजरांना न्हाऊ घालणारा, त्यांची नखे कापणारा एक मुलगा आला होता. त्याने आधी मांजर कोरडी असतानाच कंगव्याने तिच्या केसांतला सगळा गुंता सोडवला. भिजल्यावर गाठी आवळतात आणि मग कापण्याशिवाय इलाज राहत नाही, असे तो म्हणाला. मग कोमट पाणी, मांजरांसाठीचा वेगळा शाम्पू, टॉवेल आणि शेवटी अगदी मंद सोडलेला ड्रायर. तासभर हा सोहळा चालला. काकू कौतुकाने बघत होत्या. एकदम मला म्हणाल्या, "बाई, तुमच्यात कुत्रं चालत नाही पण मांजर चालते, असं ऐकलंय. मग नमाजाच्या घरात तिला सारखी अंघोळ घालावी लागत असेल, नाही का?"

मी "नाही हो" म्हटले आणि आम्ही धड्याकडे वळलो. पण हे उत्तर अर्धेच होते. उरलेले इथे लिहिते आहे.

कलते केलेले भांडे

मांजरीच्या पाकीचा, म्हणजे शुद्धतेचा, निकाल इस्लामी परंपरेत एका साध्या घरगुती प्रसंगातून लागलेला आहे. कब्शा बिन्त कअब या बाईंनी आपले सासरे हजरत अबू कतादा यांच्यासाठी वजूचे पाणी ओतले. तेवढ्यात मांजर आली. अबू कतादांनी भांडे कलते केले आणि तिला पोटभर पाणी पिऊ दिले. सून चकित होऊन बघते आहे हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी प्रेषितांचे म्हणणे सांगितले: मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये आणि अबू दाऊद, तिर्मिझी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे.

यात अंघोळीचा कुठे उल्लेखही नाही. मांजर धुतली म्हणून पाक ठरली असे झाले नाही. ती घरात ये-जा करते, तिच्यापासून पाणी नि भांडी जपणे माणसाला अशक्य आहे, म्हणून तिला घरच्यासारखे मानले गेले. मूळ अरबीत या वावरणाऱ्यांसाठी 'तव्वाफीन' असा शब्द आहे. हाजी काबागृहाभोवती जो तवाफ करतात, तो शब्द याच धातूचा.

पुढे फकीहांनी बारकावे पाहिले. मांजरीने तोंड लावलेले पाणी हनफी मतानुसार पाक आहे, मात्र दुसरे पाणी असताना ते वापरणे सौम्य मकरूह, म्हणजे टाळलेले बरे. शाफई मतात तेवढीही अडचण नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शिवाजी पार्कहून चालत अर्ध्या तासात माहीमचा दर्गा येतो. तिथे विसावलेले मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) हे याच शाफई परंपरेतले विद्वान आणि कुरआनचे भाष्यकार. पण शाफई मतात दुसरी एक अट आहे. मांजरीचा गळलेला केस नापाक धरतात. थोडे केस लागले तर माफी, आणि मांजर पाळणाऱ्याला त्यात अधिक सवलत. श्रीवर्धनची माझी नानी मांजरीच्या पाठीवरून रोज ओला हात फिरवायची, तो कशासाठी, हे मला फिक्हचे हे पान वाचल्यावर कळले. मोकळे केस हाताला यावेत, जानमाजवर पडू नयेत. नानीने मांजरीला अंघोळ घातल्याचे मात्र मला आठवत नाही.

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर मुअज्जा नावाच्या मांजरीची गोष्ट फिरते. मांजर झोपली होती म्हणून प्रेषितांनी अंगरख्याची बाही कापली, अशी. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस मात्र बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुलांना सांगायची तर ती सांगावी.

काबूलचा साबण

मग मांजरीला साबण लावून न्हाऊ घालण्याची रीत आली कुठून? तिचा एक जुना लेखी पुरावा आपल्या ओळखीच्या एका माणसाच्या आसपास सापडतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते. एल्फिन्स्टन कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्याआधी १८०८-०९ मध्ये ते शाह शुजाच्या दरबारी पेशावरला गेले होते. त्या मुलखावरचा त्यांचा ग्रंथ १८१५ साली निघाला. त्यात लांब केसांच्या मांजरीची नोंद आहे. स्थानिक लोक तिला 'बुराक' म्हणत, तिची मोठ्या संख्येने निर्यात होई. गंमत म्हणजे सगळीकडे तिला पर्शियन म्हणत असले तरी खुद्द इराणात त्या फारशा नव्हत्या आणि तिथून क्वचितच बाहेर जात, असे एल्फिन्स्टन लिहितात.

याच प्रदेशाविषयी लेफ्टनंट अर्विन यांचा एक वृत्तांत बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पुढे छापून आला. काबूलचे लोक या मांजरीचे केस वाढावेत म्हणून तिला साबणाने धुतात आणि विंचरतात, असे त्यात नमूद आहे. म्हणजे शिवाजी पार्कच्या न्हाणीघरात मी जे पाहिले, ते काबूलमध्ये दोनशे वर्षांपूर्वीही चालत होते. ही अंघोळ केसांसाठी होती, आणि केसांना बाजारात किंमत होती. त्याहीआधी १६२० च्या सुमारास पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने खोरासानच्या मऊ, लांब केसांच्या मांजरी पाहिल्या आणि त्या रोमला न्यायचे मनात धरले. पोर्तुगीजांनी अशा मांजरी हिंदुस्थानात आणल्याचेही तो सांगतो.

आखूड केसांची आपली गावठी मांजर हे काम स्वतःच करते. तिच्या जिभेवर आत वळलेले बारीक काटे असतात. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवून दिले की हे काटे टोकाशी पोकळ असतात आणि लाळ थेट कातडीपर्यंत पोचवतात. पर्शियन मांजरीच्या दाट केसांत मात्र जीभ पुरी पडत नाही. माणसाने तिचे केस लांबवले, म्हणून विंचरण्याची जबाबदारीही माणसावर आली.

कार्बोलिकचे शहर

आता मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. सरकारने रोगाचे मूळ घाणीत पाहिले. घरे आणि गटारे कार्बोलिक ॲसिडने धुतली, भिंतींना चुना फासला, सामानसुमान जाळले, माणसांना घरातून उचलून इस्पितळात नेले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या बाजूला प्लेगचे पथक एका जुलाहा कुटुंबातल्या आजारी मुलीला न्यायला आले, तेव्हा विणकरांनी विरोध केला आणि शहरभर दंगल पेटली. त्याच वर्षी जूनमध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे दाखवले. पुढे परळच्या प्रयोगशाळेत त्याची खात्री पटली. सगळे घर धुऊन निघाले तरी छपरातला उंदीर होता तिथेच होता.

मग कोणालातरी मांजरीची आठवण झाली. वऱ्हाडातल्या अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावच्या मांजरी मोजल्या आणि जिथे घरोघर मांजर, तिथे प्लेग कमी, असे १९०८ मध्ये लिहिले. मांजरांनाही प्लेग होतो हे आज ठाऊक आहे, त्यामुळे हा उपाय जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पण उंदरांकडे बोट दाखवण्यात ते चुकले नव्हते.

यातली एक गोष्ट मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल. मांजरीच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक विकर तिच्यात काम करत नाही. मांजर फिनेलने पुसलेल्या लादीवरून चालते, मग पंजे चाटते आणि विष पोटात जाते. तीच गोष्ट जंतुनाशकाने अंघोळ घालण्याची. आपण स्वच्छतेच्या नावाने ओततो तेच तिच्या जिवावर बेतते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टर गाठावा. आपल्या भागाला तर १८८४ पासून परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे.

प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या आणि उत्तरेला मोकळ्या हवेची नवी वस्ती वसवायची, असा बेत होता. दादर-माटुंग्याची आखणी त्यातूनच झाली. पुढे १९२५ साली नगरपालिकेचे 'माहीम पार्क' खुले झाले आणि १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे शिवाजी पार्क झाले. रुंद रस्ते, झाडे, हवेशीर घरे. या परिसराची स्वच्छता मला मनापासून आवडते.

म्हणूनच पंधरा वर्षांपूर्वी आम्ही इथे भाड्याने घर शोधत होतो. शाळा जवळ पडली असती. एक घर पसंत पडले, भाडेही ठरले. मग दलालाने पूर्ण नाव विचारले. थोडे थांबून तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण इथे सोसायटी स्वच्छतेचं फार बघते." आमचे हे हसले आणि जिना उतरले. मी घरी आले आणि आमच्या खोलीची स्वच्छ लादी त्या संध्याकाळी दोनदा पुसली. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

अबू कतादांनी भांडे कलते केले, त्या क्षणी मांजर धुतलेली होती की नाही हे कोणी विचारले नाही. ती रोजच्या वावरातली होती, एवढे पुरले. ही सवलत मांजरीसाठी आहे, माणसांविषयीचा फतवा मी त्यातून काढत नाही. पण घरात कोणाला येऊ द्यायचे हे ठरवताना 'स्वच्छता' हा शब्द कुठून येतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे तपासायची सवय मला या हदीसने लावली.

पुढच्या शनिवारी काकूंना मी 'तोय' हे अक्षर शिकवले. उदाहरण म्हणून 'तवाफ' लिहून दिले आणि भांड्याची गोष्ट सांगितली. दलालाची गोष्टही सांगितली, पहिल्यांदाच. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या मीटिंगमध्येही असं बोलतात. मी कधी काही बोलले नाही." आणि वहीत 'तवाफ' पाच वेळा लिहून काढला. मांजर टेबलावर चढून वहीवर बसली, तेव्हा शेवटची ओळ अर्धी राहिली.