जुन्या खडीची तहान

फुटक्या विटांची भुकटी चुन्यात घालायची, ती सुरखी आपल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. १९४५ नंतर जर्मनीत तर बाँबने पडलेल्या शहरांचा राडारोडा भरडून त्याच्याच काँक्रीटची घरे उठली. मग धुळ्या-जळगावात पाडलेल्या स्लॅबची खडी नव्या स्लॅबला का नको?

तिला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो, म्हणून. आपला काळा दगड पाणी फारसे पीत नाही. हा थर पितो. असे काँक्रीट वर्षानुवर्षे सुकताना जास्त आकसते, ओझ्याखाली जास्त वाकत जाते. त्यात आपले खानदेशी ऊन! २०१६ च्या भारतीय मानकाने सळईच्या काँक्रीटात, तेही एम-२५ प्रतीपर्यंतच, जाड खडीपैकी २० टक्क्यांची मुभा दिली. फरशीखालच्या, एम-१५ हून हलक्या काँक्रीटात मात्र ती सगळीच्या सगळी चालते.