कातरलेली कड आणि आठचा आकडा

छापील पुठ्ठ्याच्या एका लहानशा तुकड्याला दहापैकी किती गुण द्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. मात्र अमेरिकेतील संग्राहकांच्या जगात याच प्रश्नावर लक्षावधी डॉलरांची उलाढाल होते. या गुणांकनाचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा तो मुळात किमतीचाच इतिहास असल्याचे आमच्या ध्यानात आले.

त्याचा आरंभ नाण्यांपासून होतो. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या अमेरिकन सेंटवरील आपल्या ग्रंथात १ ते ७० अशी श्रेणी मांडली. कल्पना अशी की, ७० अंकांचे नाणे त्याच प्रकारच्या १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे असावे. म्हणजे हा अंक नाण्याच्या झिजेइतकाच बाजारभावाचाही निदर्शक होता. याच शेल्डनने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम नाणी उचलून त्यांच्या जागी हलकी नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले.

नाण्यांची पारख करणारी पीसीजीएस ही संस्था १९८६ साली निघाली आणि तिच्याच धर्तीवर १९९१ साली खेळाडूंच्या कार्डांसाठी पीएसए ही संस्था उभी राहिली. तोवर कार्डाची स्थिती विक्रेताच सांगे. आता ती त्रयस्थाने सांगायची होती. परीक्षक चार गोष्टी पाहतो : छापलेले चित्र मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा शाबूत आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडा, डाग वा सुरकुती आहे का. मग १ ते १० मधला एक अंक ठरतो आणि कार्ड प्लास्टिकच्या कवचात कायमचे बंद होते. कड कातरलेल्या कार्डाला मात्र अंक द्यायचा नाही, असा दंडक आहे. कारण उघड आहे. कड कातरली की बोथट कोपरे पुन्हा टोकदार होतात आणि झीज नाहीशी होते.

पीएसएने पहिलाच अंक दिला तो होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या कार्डाला. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत घातलेल्या या मालिकेतील वॅग्नरची कार्डे अत्यंत दुर्मीळ आहेत. हे कार्ड हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की व त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ साली लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतले होते. त्याला ८ अंक मिळाले. २००७ साली ते आधी २३.५ लाखांना आणि त्याच वर्षी पुन्हा २८ लाख डॉलरना विकले गेले. २०१३ साली लिलावदार बिल मास्ट्रोने फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला. हे कार्ड आपणच कातरले होते, हीही कबुली त्यात होती. त्याहून बोचरी गोष्ट अशी की, कड कातरलेली आहे हे अंक देतानाच आपल्याला दिसले होते, असे त्या वेळच्या एका परीक्षकाने पुढे मान्य केले.

तेव्हा चूक डोळ्यांची नव्हती. इतक्या देखण्या आणि इतक्या महाग वस्तूला नापास करण्याचे धैर्य झाले नाही. ज्या कार्डाला मुलांनी हाताळले, खिशात कोंबले, त्याचे गुण कमी. ज्याच्या अंगावरचा काळ कात्रीने छाटला, ते मात्र अग्रमानी. वस्तूचे आयुष्य वाचण्याची ही पद्धत त्या आयुष्यालाच दोष मानते, हे तिचे मूळ वैगुण्य आहे. पण त्रयस्थ परीक्षकही किमतीपुढे नमतो, ही बाब आम्हांला अधिक गंभीर वाटते.

आम्ही अध्यापक दरवर्षी उत्तरपत्रिकांवर अंक लिहितो. काठावरचा एखादा गुण देताना उत्तराइतकाच त्या गुणाचा परिणामही आमच्या डोळ्यांसमोर असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यात करुणा असते, असे आम्ही स्वतःला सांगतो. वॅग्नरच्या कार्डाला आठ अंक देणाऱ्यानेही स्वतःला काहीतरी सांगितले असेलच.