शस्त्रक्रिया तासाभराची, तपश्चर्या नऊ महिन्यांची

गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि रुग्ण आधाराविना चालू लागला की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात उपचारांचा मोठा भाग तेथून पुढे सुरू होतो. शस्त्रक्रिया साधारणपणे तास-दीड तासात आटोपते. खेळाच्या मैदानावर भरवसा ठेवता येईल असा गुडघा घडवण्यास मात्र किमान नऊ महिने लागतात. या मधल्या काळात दुखणे थांबलेले असते, पण गुडघा बरा झालेला नसतो. हा फरक लक्षात न आल्यामुळे व्यायाम तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुटतो आणि दुसऱ्या दुखापतीची वाट मोकळी होते.

बंध तुटतो कसा?

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना गुडघ्यात चार प्रमुख अस्थिबंध बांधून ठेवतात. दोन बंध सांध्याच्या दोन्ही बाजूंना असतात, तर दोन आतमध्ये एकमेकांना छेदून जातात. आतील दोहोंपैकी पुढचा बंध म्हणजे 'अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट', अर्थात 'एसीएल'. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ पडू न देणे, ही त्याची कामे.

पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर अचानक वळले, उडी मारून एका पायावर चुकीच्या पद्धतीने उतरले किंवा धावता धावता एकदम थांबावे लागले, की या बंधावर क्षमतेबाहेर ताण येतो. फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन, कुस्ती आणि कबड्डी या खेळांत असे प्रसंग वारंवार येतात. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याचा पाय पकडलेला असतानाच त्याचे शरीर मध्यरेषेकडे झेपावत असते. दुचाकी घसरून होणाऱ्या अपघातांतही हा बंध तुटतो. समान खेळ खेळणाऱ्या मुलींमध्ये या दुखापतीचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक आढळते.

त्या क्षणी अनेकांना गुडघ्यात 'कट्' असा आवाज जाणवतो आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरते, चालता येते. मात्र जिना उतरताना वा वळताना गुडघा अचानक 'सटकतो'. साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान न मानता अस्थिरोगतज्ज्ञांकडून हाताने तपासणी आणि गरज भासल्यास एमआरआय करून घेणे इष्ट ठरते.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला हवीच का?

याचे उत्तर सरसकट 'होय' असे नाही. स्वीडनमधील संशोधकांनी १२१ तरुण, क्रियाशील रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांवर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली; उरलेल्यांना आधी पद्धतशीर व्यायाम देऊन, गरज भासल्यासच शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवण्यात आला. पाच वर्षांनंतर दुसऱ्या गटातील जवळपास निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया करावीच लागली नव्हती, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक नव्हता. दुसरीकडे, ज्यांचा गुडघा वारंवार सटकतो, ज्यांना वळणे-उड्या असलेल्या खेळात परतायचे आहे किंवा ज्यांच्या सांध्यातील गादीलाही, म्हणजे मेनिस्कसलाही इजा झाली आहे, त्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो.

निर्णय कोणताही असो, व्यायाम टळत नाही. शस्त्रक्रिया ठरली असली तरी आधी सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडीच्या स्नायूंत ताकद येणे आवश्यक असते. ताठरलेल्या, सुजलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केल्यास तो नंतरही आखडलेला राहण्याचा धोका असतो.

प्लास्टरकडून पायावर

एके काळी या शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला जाई. सांधा आखडे, मांडी वाळे आणि रुग्ण कुबड्यांना जखडून राही. अमेरिकेतील इंडियानापोलिसचे शल्यचिकित्सक डोनाल्ड शेलबोर्न यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सूचना न पाळता लवकर पाय हलवणारे, लवकर चालणारे रुग्ण आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले सावरत होते. या निरीक्षणावर आधारलेली त्यांची 'वेगवर्धित' पुनर्वसन पद्धत १९९० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पाय बांधून ठेवण्याची प्रथा मागे पडत गेली. लवकर हालचाल सुरू करणे मात्र निराळे आणि लवकर मैदानात उतरणे निराळे.

पहिले सहा आठवडे

शस्त्रक्रियेत तुटलेला बंध सहसा शिवला जात नाही. रुग्णाच्याच मांडीमागील किंवा गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुरज्जूचा तुकडा काढून हाडांत बोगदे पाडून बसवला जातो. यालाच 'ग्राफ्ट' म्हणतात.

पहिल्या दोन आठवड्यांत सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीच्या पुढील क्वाड्रिसेप्स स्नायूंना जागे करणे, ही तीन उद्दिष्टे असतात. सांध्यात सूज असली की हे स्नायू आपोआप 'झोपी' जातात. रुग्णाने कितीही जोर लावला तरी मांडी आवळली जात नाही. म्हणून बर्फाचा शेक, पाय उंच ठेवणे आणि मांडी आवळून काही सेकंद धरण्याचा साधा व्यायाम दिवसातून अनेकदा करावा लागतो.

येथे घरोघरी एक चूक होते. बरे वाटावे म्हणून गुडघ्याखाली उशी दिली जाते. त्याने आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडू लागतो. उशी वा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवावा, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने सरळ होतो. गुडघा काही अंशांनी जरी वाकलेला राहिला, तरी चालताना लंगड राहते आणि वाटीवर ताण येतो.

पुढील चार आठवड्यांत कुबड्या सुटतात, गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकू लागतो आणि स्थिर सायकल सुरू होते. मेनिस्कसचीही दुरुस्ती झाली असेल, तर वजन टाकण्यावर व गुडघा वाकवण्यावर अधिक काळ बंधने असतात. अशा वेळी शेजाऱ्याच्या वेळापत्रकाशी तुलना करू नये.

फसवा काळ

खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागते. दुखणे जवळजवळ थांबलेले असते, जिने चढता येतात, कार्यालयात जाणे सुरू झालेले असते. त्याच सुमारास सांध्याच्या आत ग्राफ्ट मात्र दुबळा झालेला असतो. बसवलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्याने त्यातील मूळ पेशी मरतात. मग नव्या रक्तवाहिन्या व नव्या पेशी त्यात शिरतात आणि तंतूंची फेररचना होते. ही प्रक्रिया अनेक महिने चालते. पहिले काही महिने ग्राफ्ट बसवतेवेळी होता त्यापेक्षाही कमजोर असतो. रुग्णाला जेव्हा सर्वांत आधी 'बरे' वाटते, त्याच सुमारास दुखापतीची भीती मोठी असते.

नेमके याच वेळी उपचार सोडण्याकडे कल असतो. रजा संपलेली असते, दर खेपेचे शुल्क व प्रवास अंगावर येतो आणि 'आता दुखत नाही, मग कशाला जायचे' हा प्रश्न घरातूनच येतो. आठवड्याला तीन खेपा शक्य नसतील, तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा तपासणी आणि घरी शिस्तीने व्यायाम, असा मार्ग तज्ज्ञांकडून आखून घेता येतो. व्यायाम पूर्णपणे बंद करणे मात्र महागात पडते.

मैदानावर केव्हा?

जॉगिंग साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, तेही सूज नसेल आणि ताकद पुरेशी असेल तरच. त्यानंतर उड्या, दिशा बदलून धावणे आणि शेवटी प्रतिस्पर्ध्यासह सराव, असा क्रम असतो. खेळात परतण्यापूर्वी दुखापतग्रस्त पायाची ताकद आणि एका पायावरच्या उड्यांचे अंतर निरोगी पायाच्या किमान ९० टक्के असावे, असा निकष सर्वत्र वापरला जातो.

या निकषांचे महत्त्व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे व अमेरिकेतील १०६ रुग्णांच्या संयुक्त अभ्यासातून दिसले. कसोट्या उत्तीर्ण होऊन उड्या-वळणांच्या खेळात परतलेल्यांपैकी ५.६ टक्के जणांच्या गुडघ्याला दोन वर्षांत पुन्हा दुखापत झाली; कसोट्या पार न करता परतलेल्यांत हेच प्रमाण ३८.२ टक्के होते. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, तितका दर महिन्यागणिक धोका जवळपास निम्म्याने घटला. पंचविशीच्या आतील खेळाडूंनी तर विशेष सावध राहावे. खेळात परतलेल्या या वयोगटात पुन्हा एसीएल तुटण्याचे प्रमाण, त्याच वा दुसऱ्या पायात, सुमारे २३ टक्के असल्याचे २०१६ मधील एका संकलित अभ्यासात आढळले.

नामवंतांनाही हा काळ चुकलेला नाही. कुस्तीगीर विनेश फोगट हिचा गुडघा ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमधील लढतीत दुखावला. शस्त्रक्रियेनंतर मे २०१७ मध्ये तिने नवी दिल्लीतील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य आणि २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. यष्टिरक्षक ऋषभ पंत डिसेंबर २०२२ मधील मोटार अपघातात गंभीर जखमी झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२४ मध्ये तो आयपीएलमध्ये पुन्हा यष्टीमागे उभा राहिला. दिमतीला तज्ज्ञांची फौज असूनही हा काळ कमी करता आला नाही.

हे ध्यानात ठेवावे

* पोटरीत वेदना व सूज, ताप, जखमेतून स्राव किंवा अचानक वाढलेली सूज दिसल्यास तत्काळ शल्यचिकित्सकांना गाठावे. छातीत दुखू लागले वा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.
* उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे डॉक्टरांनी मुभा दिल्यावरच सुरू करावे. सुरुवातीच्या महिन्यांसाठी कमोडची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी.
* मालिश करून वा हिसका देऊन गुडघा 'मोकळा' करण्याच्या फंदात पडू नये.
* व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर तो व्यायाम झेपलेला नाही असे समजून प्रमाण कमी करावे.
* फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.
* पुन्हा पडण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. ती लपवू नये, तज्ज्ञांना सांगावी. मनाची तयारी हाही पुनर्वसनाचा भाग मानला जातो.

खेळात परतल्यावरही आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि खेळण्यापूर्वी उडी मारून नीट उतरण्याचा सराव चालू ठेवावा. एका गुडघ्याची दुखापत झालेल्यांना दुसऱ्या गुडघ्याचीही तितकीच काळजी घ्यावी लागते.